पावसाळ्यात फ्रेममधले मुलांचे चित्र फुगते, काचेला चिकटते, काळे पडते : कारणे आणि घरच्या घरी करता येणारे उपाय

ठाण्यात आणि नवी मुंबईत मुलांची चित्रे घरीच फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्या पालकांना एक अडचण जवळजवळ दरवर्षी येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन पट्ट्या कापल्या जातात, फ्रेम तयार होते, भिंतीवर सुरेख दिसते आणि पहिला महिना-दीड महिना तिला काहीही होत नाही. जुलै उजाडला की कागदाला लाटा पडू लागतात, मधला भाग पुढे येऊन काचेला टेकतो, आणि गणपतीआधी घराची साफसफाई करताना फ्रेम उतरवली की पोस्टर कलरचा एखादा पापुद्रा काचेवरच राहिलेला आढळतो किंवा मागच्या पुठ्ठ्यावर काळसर ठिपके दिसतात. पुढच्या वर्षी अधिक पक्का गोंद आणि अधिक रुंद चिकटपट्टी वापरून तेच काम पुन्हा केले जाते, आणि त्या पावसाळ्यात चित्र आधीपेक्षा जास्त फुगते.

ते जास्त फुगते ते त्या पक्क्या गोंदामुळेच. कागदाला दमट हवेत वाढायचे असते आणि आपण त्याला चारही कडांनी जखडून ठेवलेले असते. त्यातच काच चित्राला अगदी लागून बसवलेली असते आणि फ्रेमची पाठ ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेली असते. कागद मोकळा धरणे, त्याच्यापुढे जागा सोडणे आणि मागे हवा खेळती ठेवणे या तीन गोष्टी साधल्या, तर साध्या पाइनच्या पट्ट्यांची घरगुती फ्रेमसुद्धा आपल्याकडचा पावसाळा निभावून नेते. त्या साधल्या नाहीत, तर दुकानातून आणलेली महागडी फ्रेमही निभावत नाही.

लाटा नेमक्या कशा पडतात

कागद म्हणजे झाडाच्या तंतूंचा दाबून वाळवलेला थर. बाष्प शोषले की हे तंतू जाडीने फुगतात, लांबीने मात्र फारसे वाढत नाहीत. कारखान्यात कागद यंत्रावरून पुढे सरकत असताना बहुसंख्य तंतू एकाच दिशेने लागतात, आणि म्हणून तयार कागद त्या दिशेने जवळजवळ तेवढाच राहतो, पण तिला काटकोनात असलेल्या दिशेने चांगलाच वाढतो. चित्रकलेच्या वहीतील एका कोऱ्या पानाचा लहान चौकोनी तुकडा एका बाजूने हलका ओला करून पाहावा. तो ज्या रेषेभोवती गुंडाळला जाईल ती तंतूंची दिशा, आणि तिला आडवी असलेली ती वाढण्याची दिशा.

ही वाढ डोळ्यांना दिसणार नाही इतकी थोडी असते, पण तिचा परिणाम मोठा असतो. ए-३ आकाराचा कागद ४२० मिलिमीटर लांब असतो. तो लांबीच्या दिशेने वाढणारा असेल आणि कोरड्या दिवसांपासून पावसाळ्यापर्यंत त्याची वाढ अवघी अर्धा टक्का धरली, तर २ मिलिमीटर जादा कागद तयार होतो. त्याच्या दोन्ही कडा पक्क्या चिकटवलेल्या असतील, तर या २ मिलिमीटरला बाजूला सरकता येत नाही आणि कागद कमानीसारखा पुढे येतो. भूमितीचा साधा हिशेब केला, तर एकाच कमानीत ही उंची १७ ते १८ मिलिमीटर भरते. प्रत्यक्षात एका कमानीऐवजी तीन-चार लाटा पडतात, पण त्याही अर्धा सेंटीमीटर उंचीच्या असतात. काच आणि कागद यांच्यामध्ये दीड-दोन मिलिमीटरचा माउंट बोर्ड, म्हणजे चित्राभोवती चौकट म्हणून बसवायचा जाड पुठ्ठा, घालूनही चित्र काचेला का टेकते, याचे उत्तर या हिशेबात आहे. कडा जखडलेल्या असताना नुसते अंतर वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसचे दिवस ८० ते ९० टक्क्यांवर राहते. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला येऊर किंवा पारसिकचे डोंगर अशा या पट्ट्यात पावसाळ्यात घरातली हवा कोरडी होण्याला फारसा वाव नसतो. थंडीत चिकटवून बसवलेले चित्र मे महिन्यात बसवलेल्या चित्रापेक्षा पावसाळ्यात अधिक फुगते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. परंतु थंडीत कागद आकसलेला असतो आणि त्याला पुढे वाढायला अधिक वाव राहिलेला असतो, हे लक्षात घेतले की उलगडा होतो.

आधी दोष कुठे आहे ते पाहावे

फ्रेम लगेच उघडण्याआधी ती भिंतीवरून काढून तिच्या पाठीला आणि भिंतीच्या त्या भागाला हात लावून पाहावा. भिंतीवर फ्रेमच्या आकाराचा गडद डाग असेल किंवा रंगाचे पोपडे निघत असतील, तर दोष आधी भिंतीत आहे आणि फ्रेम कितीही नीट केली तरी तीच जागा पुन्हा वापरू नये. डाग दिसत नसेल पण शंका असेल, तर प्लॅस्टिकचा साधारण फूटभर लांबी-रुंदीचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. पाणी प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला धरलेले असेल, तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला धरलेले असेल, तर ती खोलीतल्या हवेची आहे. या दोन्हींचे उपाय वेगळे असल्याने ही परीक्षा करूनच पुढे जावे, असा माझा आग्रह आहे.

भिंत कोरडी ठरली, तर लाटांची दिशा पाहावी. सगळ्या लाटा एकमेकींना समांतर असतील, तर कागद दोन समोरासमोरच्या कडांनी जखडलेला आहे. लाटा एखाद्या कोपऱ्यापासून पंख्याच्या पात्यांसारख्या पसरत असतील, तर तेवढाच कोपरा घट्ट चिकटलेला आहे आणि केवळ तो सोडवला तरी पुरते. चित्र सपाट आहे पण संपूर्ण पुठ्ठ्यासकट वाकले आहे असे दिसले, तर चित्र पूर्णपणे पुठ्ठ्यावर चिकटवलेले असून पुठ्ठ्याच्या फक्त एकाच बाजूला गोंद आणि कागद आहे. अशा वेळी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला तशाच जाडीचा कोरा कागद, तोच गोंद वापरून आणि तंतूंची दिशा तीच ठेवून चिकटवला, तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो आणि पुठ्ठा बराचसा सरळ होतो.

चित्र मोकळे कसे धरावे

सर्वांत चांगला आणि मुलांनाही करता येण्याजोगा मार्ग कागदी कोपऱ्यांचा आहे. जुन्या फोटो अल्बममध्ये फोटो ज्या त्रिकोणी कोपऱ्यांत अडकवलेले असत, तसेच कोपरे चांगल्या पांढऱ्या कागदाच्या पट्टीला दोन घड्या घालून करता येतात. कोपरे मागच्या पांढऱ्या बोर्डवर चिकटवायचे आणि चित्र त्यांत नुसते सरकवायचे. चित्राला गोंदाचा थेंबही लागत नाही. हे करताना चित्राची खालची कड खालच्या दोन कोपऱ्यांवर टेकू द्यावी, परंतु बाजूला आणि वर २ ते ३ मिलिमीटर मोकळीक सोडावी, म्हणजे कागद वाढला तरी त्याला जागा राहते. चित्र फ्रेममध्ये किंचित सैल दिसते म्हणून ही मोकळीक कमी करण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण सगळी करामत त्या २ ते ३ मिलिमीटरमध्येच आहे.

मूल कागदाच्या अगदी कडेपर्यंत रंगवते आणि कोपऱ्यात आपले नाव लिहिते. अशा चित्राच्या कडा माउंटखाली झाकाव्यात असे वाटत नाही. त्या वेळी चित्राच्या मागे फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ हातकागदाच्या लहान पट्ट्या लावून चित्र बोर्डवर टांगते ठेवावे. पट्टीला मैद्याची ताजी शिजवलेली खळ अगदी थोडी लावावी आणि ती पूर्ण वाळू द्यावी. खळ जास्त झाली तर कसर लागते आणि बुरशीलाही ती आवडते, म्हणून बोटाच्या टोकावर मावेल त्याहून अधिक वापरू नये. पारदर्शक सेलोटेप मात्र कधीही लावू नये. काही वर्षांत तिचा चिकट थर पिवळा-तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि मग तो डाग काढता येत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचीही तीच गत होते.

आता पुढची जागा. चित्र आणि काच यांच्यात निदान ३ ते ४ मिलिमीटर अंतर हवे. खिडकी कापलेला माउंट बोर्ड दोन थरांत वापरावा, किंवा माउंटच्या मागे, बाहेरून दिसणार नाही अशा बेताने, सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या पत्र्याच्या) अरुंद पट्ट्या चारही बाजूंनी लावाव्यात. फ्रेम बनवणाऱ्यांकडे माउंट बोर्डचे उरलेले लहान तुकडे असतात; ए-४ चित्राच्या माउंटसाठी आणि पट्ट्यांसाठी ते पुरेसे असतात, तेव्हा ते विचारून पाहावेत. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बीडिंग पट्ट्यांची, म्हणजे फ्रेमच्या तयार पट्ट्यांची, काच आणि चित्र बसवायची खाच उथळ असते आणि त्यात हे सगळे थर मावत नाहीत. २ मिलिमीटर काच, ४ मिलिमीटर अंतर, चित्र आणि त्याचा पांढरा बोर्ड मिळून २ मिलिमीटर आणि मागचा ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड असा हिशेब ११ मिलिमीटरवर जातो, म्हणून पट्टी घेताना १२ मिलिमीटर खाच असलेली मागावी. ती मिळाली नाही, तर साध्या चौकोनी पट्टीच्या मागे अरुंद पट्टी चिकटवून हवी तेवढी खोल खाच घरीच तयार करता येते, आणि घरी फ्रेम करण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

मागच्या बाजूस तपकिरी हार्डबोर्ड, वर्तमानपत्र किंवा पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा थेट चित्राला लागू देऊ नये. या सर्वांत आम्ल असते, ते ओलीबरोबर चित्राच्या कागदात येते आणि कागद पिवळा पडतो. मध्ये चांगला पांढरा बोर्ड असावा.

सगळे थर एकत्र बांधण्याचा दिवस कोरडा निवडावा. दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस आपल्याकडे सर्वांत योग्य. थंडीत चिकटवलेले चित्र अधिक फुगते हे खरे, पण इथे चित्र मोकळे धरलेले असल्याने ती अडचण येत नाही. पावसाळ्यातच काम करणे भाग असेल, तर चित्र, माउंट आणि विशेषतः मागचा बोर्ड हे सर्व एसी चालू असलेल्या खोलीत रात्रभर सुटे मांडून ठेवावे आणि त्याच खोलीत फ्रेम बंद करावी. कारण चित्राच्या कागदापेक्षा कितीतरी अधिक ओल जाड बोर्डमध्ये साठलेली असते आणि बंद फ्रेममध्ये ती हळूहळू चित्रात उतरते. काच, माउंट, चित्र आणि मागचा बोर्ड ही चळत नीट जुळवून तिच्या चारही कडांवर, पुढे काचेवर ४ मिलिमीटर आणि मागे बोर्डवर थोडी जास्त येईल अशा रीतीने, अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. एसी दुरुस्त करणारे कारागीर ही पट्टी वापरतात आणि हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते. धातूचा पत्रा बाष्प आत जाऊ देत नाही, आणि पुढचा ४ मिलिमीटरचा भाग फ्रेमच्या खाचेत लपतो. अशी बांधलेली चळत बाहेरच्या हवेतील रोजच्या चढ-उतारापासून चित्राला बरेच संरक्षण देते. फ्रेममध्ये सिलिका जेलची पुडी टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. परंतु कडा बंद नसलेल्या फ्रेममध्ये ती पुडी एक-दोन दिवसांत ओली होऊन निरुपयोगी ठरते, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

काचेला चिकटलेले चित्र

पोस्टर कलर आणि जलरंग यांतील गोंद पाण्यात विरघळणारा असतो. काचेवर बाष्प धरले आणि चित्र तिला टेकले, की हा गोंद पुन्हा ओला होतो आणि काचेला चिकटतो. ऑईल पेस्टलची गोष्ट वेगळी आहे. त्यातील तेल आणि मेण पूर्णपणे कधीच वाळत नाही, त्यामुळे ते कोरड्या हवेतही काचेवर उमटते, आणि म्हणून पेस्टलच्या चित्रापुढे अंतर सोडणे बाराही महिने आवश्यक असते.

चिकटलेले चित्र ओढून काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. प्रथम काचेसकट त्याचे चांगले छायाचित्र घ्यावे किंवा स्कॅनरवर काच खाली ठेवून किमान ३०० डीपीआयवर स्कॅन करावे, म्हणजे पुढे काहीही झाले तरी चित्राची नोंद राहते. नंतर काच आणि चित्र एसीच्या खोलीत काही दिवस, कागदाची बाजू वर ठेवून, पडू द्यावे. ओलसर कागद लगेच फाटतो, पूर्ण वाळलेला कागद आणि गोंद मात्र कधीकधी आपोआप काचेपासून सुटतो. सुटलेल्या कडेपासून सुरुवात करून कागद हलक्या हाताने वाकवत न्यावा आणि अडल्यास तिथेच थांबावे. मोठा भाग घट्ट बसला असेल आणि ते चित्र घरच्यांना फार मोलाचे असेल, तर ते काचेसकट तसेच जपावे आणि कागदी कलाकृतींचे जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्यावे. भिंतीसाठी त्याची रंगीत प्रत काढून वापरता येते.

काचेऐवजी २ मिलिमीटरचा अ‍ॅक्रिलिक पत्रा वापरावा का, हा प्रश्न हमखास येतो. ए-३ आकाराची २ मिलिमीटर काच सुमारे ६२५ ग्रॅम वजनाची असते, तेवढाच अ‍ॅक्रिलिक पत्रा ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि पडला तर त्याचे टोकदार तुकडे होत नाहीत. मुलांच्या खोलीत आणि पलंगाच्या वर मी अ‍ॅक्रिलिकलाच पसंती देतो. अपवाद खडू, कोळसा आणि सुक्या पेस्टलच्या चित्रांचा. अ‍ॅक्रिलिक पुसताना त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ती रंगाची भुकटी कागदावरून ओढून घेते. अशा चित्रांना काचच हवी.

बुरशी आणि कसर

सापेक्ष आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर, खळीवर आणि रंगातल्या गोंदावर बुरशी वाढू शकते. ती ओल्या फडक्याने पुसली, तर कागदात आणखी पसरते आणि डाग पक्का होतो. फ्रेम मुलांपासून दूर, शक्यतो गॅलरीत, नाकातोंडावर मास्क लावून उघडावी. चित्र सावलीत वाऱ्याला किंवा एसीच्या खोलीत पूर्ण कोरडे होऊ द्यावे आणि बुरशीची भुकटी झाल्यावर ती मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झटकावी. कडक उन्हात ठेवू नये, कारण रंग उडतो आणि कागद आखडतो. ज्या मागच्या पुठ्ठ्यावर बुरशी होती तो पुसून पुन्हा वापरण्यापेक्षा टाकून द्यावा. डाग राहिला, तर तो घालवण्याच्या प्रयत्नात चित्र बिघडवू नये.

तांदूळ, डाळी किंवा शेवया चिकटवून केलेल्या चित्रांना या सगळ्याच्या जोडीला किडे लागतात. फ्रेम करण्याआधी ते चित्र प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड कागदावर पाणी धरते. अशा जाड चित्रासाठी फ्रेमही दोन सेंटीमीटर खोल हवी.

फ्रेमचे कोपरे उघडतात

४५ अंशांत कापून जोडलेल्या कोपऱ्यात फट पडली, तर ती आत आहे की बाहेर हे पाहावे, कारण त्यावरून कारण कळते. लाकूड ओलीने रुंदीत फुगते, लांबीत नाही. त्यामुळे पावसाळ्यात काप आतल्या टोकाशी एकमेकांना रेटतात आणि फट बाहेरच्या टोकाला दिसते. कोरड्या दिवसांत लाकूड आकसते आणि फट आतल्या बाजूला येते. पावसाळ्यात दारे चौकटीत घट्ट बसतात आणि दिवाळीनंतर मोकळी होतात, त्यामागे हेच कारण आहे. वर्षभर फट आहे तशीच राहत असेल, तर मात्र काप चुकला आहे. तेव्हा फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजावेत, आणि ते सारखे भरले तर काप पुन्हा गुण्या लावून तपासावेत.

यावर उपाय म्हणून कोपऱ्यात अधिक गोंद भरण्याचा उपयोग नाही. तिरक्या कापात लाकडाच्या तंतूंची टोके उघडी असतात, ती गोंद पिऊन टाकतात आणि सांधा अशक्त राहतो. फ्रेमच्या मागच्या बाजूला प्रत्येक कोपऱ्यावर ३ मिलिमीटर प्लायचा त्रिकोणी तुकडा गोंद लावून लहान खिळ्यांनी ठोकावा. सगळा भार मग तो तुकडा घेतो. साधा पांढरा गोंद ओलीत मऊ पडतो, म्हणून या कामाला पाणी सोसणारा, मरीन प्रकारचा गोंद घ्यावा. जोडण्याआधी पट्ट्यांच्या पुढे, मागे आणि खाचेतही पॉलिश किंवा रंगाचा हात द्यावा. फक्त दिसणारी बाजू रंगवली, तर न रंगवलेल्या बाजूने लाकूड ओल पीत राहते आणि पट्टी पिळवटते. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या, पट्ट्यांच्या कापलेल्या कडा एकदा फुगल्या की पुन्हा पूर्ववत होत नाहीत, तेव्हा आपल्या हवेत एमडीएफ न घेतलेले बरे.

कोणती भिंत, कसे टांगावे

आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंती सर्वांत आधी ओल धरतात. वाशी, नेरूळ, बेलापूर अशा भागांतील जुन्या सिडको वसाहतींत राहणाऱ्यांना या भिंती चांगल्या ठाऊक असतात. दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडावी. मात्र तिच्या पलीकडे न्हाणीघर नसावे. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून, खुर्चीच्या पायांना लावतात तसे फेल्टचे जाड गोल तुकडे लावले, तर फ्रेम आणि भिंत यांच्यामधून हवा खेळते. याला खर्च नगण्य येतो, आणि तरीही हा उपाय अनेक घरांत केलेला दिसत नाही.

फोमची चिकटपट्टी लावून टांगलेली फ्रेम पावसाळ्यात पडते तेव्हा बहुधा पट्टी सुटलेली नसते, तर भिंतीचा रंगच पट्टीबरोबर निघालेला असतो. डिस्टेंपरच्या भिंतीवर अशी पट्टी काचेच्या फ्रेमसाठी वापरू नये. घोडबंदर रस्त्यावरील किंवा खारघरच्या नव्या इमारतींत बऱ्याच आतल्या भिंतीही पूर्ण काँक्रीटच्या असतात आणि त्यांत खिळा वाकतो. तिथे हॅमर ड्रिलने ६ मिलिमीटरचे भोक पाडून प्लॅस्टिकचा प्लग आणि स्क्रू बसवावा, पण त्याआधी त्या रेषेत विजेची नळी किंवा पाण्याचा पाइप नाही याची खात्री करावी. भाड्याच्या घरात भोक पाडता येत नसेल, तर फ्रेमला मागून पाय लावून ती कपाटावर उभी ठेवणे अधिक सुरक्षित आहे.

रंग उडणे आणि लॅमिनेशन

स्केचपेनची शाई आणि चमकणारे फ्लुरोसंट रंग प्रकाशात सर्वांत लवकर फिके होतात. मेणाचे खडू त्या मानाने टिकतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन थेट पडते त्या भिंतीवर स्केचपेनचे मूळ चित्र लावू नये. तिथे रंगीत प्रत लावावी आणि मूळ चित्र जपून ठेवावे.

मूळ चित्राचे लॅमिनेशन करू नये, याबाबत माझे मत ठाम आहे. गरम यंत्रातून जाताना मेणाचे खडू आणि ऑईल पेस्टल वितळतात, प्लॅस्टिक कागदाला कायमचे चिकटते, आणि कडेला कुठे थोडीशी फट राहिली तरी आत गेलेली ओल बाहेर पडत नाही. लॅमिनेशन प्रतीचे करावे. ती मग स्वयंपाकघरात, फ्रीजवर, कुठेही लावता येते आणि मुलांनाही तेवढाच आनंद होतो.

मुलांची चित्रे बदलत राहतात, म्हणून अनेक जण एकाच फ्रेममध्ये जुन्या चित्रांवर नवे चित्र ठेवत जातात. उन्हाळ्यात त्याला हरकत नाही. पावसाळ्यात मात्र ही चळत ओल धरते आणि एका चित्राचा रंग दुसऱ्याच्या पाठीवर उमटतो, तेव्हा मेअखेरीस फ्रेममध्ये एकच चित्र ठेवून बाकीची बाहेर काढावीत. प्रत्येक चित्राच्या मागे मुलाचे नाव, वय आणि तारीख मऊ पेन्सिलीने लिहावी, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कागदातून पसरते. चित्रांच्या मध्ये बटर पेपर घालून ती आडवी, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावीत. सिलिका जेलची पुडी इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. तिच्यातील रंग बदलणारे दाणे ओले झालेले दिसले की ती ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांवर वाळवून पुन्हा वापरता येते. डबा कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवावा, माळ्यावर किंवा जमिनीलगत नको, आणि गणपतीच्या साफसफाईत फ्रेमसोबत तोही एकदा उघडून पाहावा.